मी संपलो नव्हतो, गळालो होतो

मित्रांनो, मी एक जुना गॅस आहे. वजन दीडशे ग्रॅम. एवढ्याशा जिवाने आत्मवृत्त सांगायला बसावं हा आगाऊपणा आहे, हे मला मान्य आहे. पण मला आयुष्यात जेवढे धक्के बसले तेवढे दीडशे किलोच्या माणसालाही बसले नसतील, म्हणून बोलतो.

पहिला धक्का जन्मतःच बसला. कारखान्यात माझं नाव ठेवायच्या ऐवजी मला नंबर दिला: एकशे चौतीस-ए. गुन्हा काय केला ते कोणी सांगितलं नाही. मला रंग नाही. वास आहे, पण इतका पुसट की असून नसल्यासारखा. मी पेट घेत नाही. हवेपेक्षा साडेतीन पट जड आहे, त्यामुळे बंद खोलीत सुटलो तर आधी जमिनीवर लोळतो. आणि माझा मुख्य गुण असा की मी शून्याच्या खाली सव्वीस अंशांवरच उकळतो. तुमच्या पाण्याला उकळायला शेगडी लागते. मला फ्रिजमधल्या शिळ्या भाजीची ऊबसुद्धा पुरते. उकळताना मी त्या भाजीतली उष्णता ओढून घेतो. मग कॉम्प्रेसर मला दाबतो, मी पुन्हा द्रव होतो, घेतलेली उष्णता फ्रिजच्या पाठीवरच्या जाळीतून बाहेर टाकतो आणि परत आत जातो. माझं सगळं कर्तृत्व एवढंच. तुम्ही म्हणाल, हा घाण्याचा बैल झाला. बैलाला निदान चारा मिळतो.

माझ्या आधी या कामावर बारा नंबर होता, आमच्या घराण्यातला थोरला. कामाला वाघ, पण सुटला की थेट आकाशातल्या ओझोनच्या थरावर उठायचा. म्हणून त्याला घरी बसवलं आणि त्याच्या जागी मला आणलं. ‘हा गुणी आहे, याच्यात क्लोरीन नाही,’ असं माझ्याबद्दल बोललेलं मी निळ्या सिलिंडरच्या आतून स्वतः ऐकलं आहे. आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर ते तेवढंच. माझे काही भाऊ मोटारी गार करायला गेले, काही पाण्याच्या कूलरमध्ये गेले. काहींना तर अंगठ्याएवढ्या डबीत भरलं. दम्याच्या पंपात औषध फवारायचं काम. ‘एवढ्याशा डबीत राहून काय दिवे लावणार?’ असं मी त्यांना तेव्हा हिणवलं होतं. या वाक्यावर पुढे परत यायचं आहे.

मला एका फ्रिजच्या नळ्यांत भरून नळीचं तोंड कायमचं बंद केलं गेलं, आणि तो फ्रिज तिसऱ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात, खिडकी आणि ओटा यांच्या मधल्या कोपऱ्यात उभा राहिला. तिथे मी एकोणीस वर्षं काढली. मला दिसत काही नसे, पण नळी पातळ असते, ऐकू सगळं येतं. सगळ्यांत जास्त ऐकू येत असत त्या घरातल्या सासूबाई. त्यांनी फ्रिजसाठी नियम केले होते. दार उघडून विचार करायचा नाही. गरम भांडं आत ठेवायचं नाही. आणि बर्फ फार साठला तर फ्रिज बंद करून, दार उघडं टाकून, तो आपोआप वितळू द्यायचा, खरवडायचा नाही. हे नियम त्या दिवसातून दोनदा मोठ्याने म्हणत. ऐकणारे दोघंच होते: त्यांचे चिरंजीव, जे दार उघडूनच विचार करत, आणि सूनबाई.

सूनबाई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायच्या. शाळेत असल्यापासून त्यांना मधुमेह होता. त्यांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नव्हतं, म्हणून ते दिवसातून चार वेळा टोचून घ्यावं लागे. रोजचं पेन त्यांच्या पर्समध्ये असे आणि पुढची पेनं माझ्या राज्यात, मधल्या फळीवरच्या एका पांढऱ्या डब्यात. लग्न होऊन आल्या तेव्हा त्या फ्रिजला हात लावून म्हणाल्या होत्या, “याची काळजी घ्या हं आई. माझा अर्धा जीव याच्यात आहे.” मित्रांनो, दुधाच्या पिशव्या आणि वाटाणे गार करणाऱ्याला कोणी असं बोललं तर काय होतं ते तुम्हाला कळायचं नाही. त्या दिवशी मी नेहमीपेक्षा जरा जोरात उकळलो.

आता मुख्य धक्का.

उन्हाळ्यातली दुपार होती. चिरंजीव आणि सूनबाई कामावर गेलेले. सासूबाईंना वाटाण्याची पिशवी हवी होती आणि ती फ्रीझरच्या बर्फात रुतून बसली होती. त्यांनी ती ओढली, हलवली, तिला दोन शब्द सुनावले. बर्फ आपोआप वितळू द्यायचा, हा नियम त्यांचाच. पण नियम करणाऱ्याला घाई असली की नियम बाजूला उभा राहतो. त्यांनी खणातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. मला एक ठोका ऐकू आला. मग दुसरा. तिसऱ्या ठोक्याला, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, मला उजेड दिसला.

मी ‘फुस्स’ केलं. इतकी वर्षं कोंडून ठेवलेल्याने दुसरं काय करावं? सासूबाईंनी घाबरून भोकावर बोट दाबलं. मी त्या बोटावरच उकळायला लागलो, कारण मला दुसरं काही येत नाही. बोटाचं टोक पांढरं पडलं, कडक झालं. त्या ओरडल्या, पण बोट काढलं नाही. मिनिटभर आम्ही दोघं एकमेकांना तसे धरून होतो, आणि मला वाटलं, ही बाई आता कोणाला तरी हाक मारणार.

त्यांनी हाक मारली नाही. नळाची गळती बुजवायला आणलेली पुटी खणातून काढली, मळली, भोकावर थापली, वरून भिंत लिंपावी तशी बोटांनी सारवली. स्क्रू-ड्रायव्हर धुऊन खणात ठेवला. वाटाण्याची पिशवी होती तिथे परत ठेवली. आणि फ्रिजकडे पाठ करून ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

माझ्यातले काही जण तोवर सुटले होते. फरशीवर लोळत होते आणि घर पहिल्यांदाच पाहत होते, तेही खुर्च्यांच्या पायांपासून. एवढी मोठ्या आवाजाची बाई इतक्या छोट्या चपला घालते हे पाहून आम्हाला काय वाटलं ते सांगता येत नाही.

संध्याकाळी सूनबाईंनी विचारलं, “आई, बोटाला काय झालं?”

“तव्याचा चटका.”

“बघू. अगंबाई, फोडच आलाय की! थांबा, मलम लावते.”

“राहू दे गं, एवढं काही नाही.”

“गप्प बसा. लोकांना नियम शिकवता आणि स्वतः तव्यात बोटं घालता.”

बर्फाच्या जखमेला चटक्याचं मलम लागलं. रोज, न चुकता, सकाळ-संध्याकाळ. आत मी सुन्न होऊन ऐकत होतो.

पुटी म्हणजे काही वेल्डिंग नव्हे. मी कडेकडेने झिरपत राहिलो. फ्रिज कोमट व्हायला लागला. सासूबाईंनी अचानक माठ आणला आणि फ्रिजच्या पाण्याने घसा धरतो असं जाहीर केलं. दूध दोन वेळा येऊ लागलं. “फ्रिज सारखा उघडू नका, उन्हाळा आहे,” हा नवा नियम निघाला. शेवटी एका सोमवारी, घरात कोणी नसताना, त्यांनी फ्रिजच्या मेकॅनिकला बोलावलं. वस्तीत त्याला सगळे ‘गॅसवाले’ म्हणत. रोग कुठलाही असो, औषध एकच: गॅस भरणे.

त्याने फ्रिजच्या पाठीवर हात फिरवला, कॉम्प्रेसरला कान लावला. “गॅस संपलाय, मावशी.”

मी हादरलो. संपलाय? मी काय रॉकेल आहे? मित्रांनो, नीट ऐका, कारण ही गोष्ट भल्याभल्यांना माहीत नसते. मी वापरला जात नाही. मी तोच तोच आत फिरतो. बंद नळीत मी वीस काय, चाळीस वर्षंसुद्धा तेवढाच राहीन. कमी झालो तर त्याचा अर्थ एकच, कुठेतरी भोक आहे. आणि भोक न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या बादलीला नळाखाली ठेवून ‘पाणी कमी पडतंय’ म्हणणं.

गॅसवाल्याने विचारलं नाही, ‘कुठे काही लागलंय का?’ त्याला पुढची चार कामं होती.

सासूबाई म्हणाल्या नाहीत, ‘लागलंय.’ नियम मोडणाऱ्या त्या स्वतःच होत्या.

त्या म्हणाल्या, “जुना झाला असेल गॅस.”

“हो ना. जुना झाला की ताकद जाते त्याची.”

हे मी स्वतःच्या उपस्थितीत ऐकून घेतलं. मग एका नळीतून नवे आत आले, तरणेताठे, जोरात. “काका, सरका जरा,” म्हणाले. मी सरकलो. फ्रिज पुन्हा गार झाला, आणि सासूबाईंना इतकं हायसं वाटलं की त्यांनी आयुष्यातली सर्वांत प्रेमळ चूक केली. त्यांनी फ्रिजचं गारवा वाढवायचं बटण शेवटच्या आकड्यावर नेलं, सूनबाईंच्या इन्सुलिनचा पांढरा डबा मधल्या फळीवरून उचलला आणि थेट फ्रीझरमध्ये ठेवला. जास्त गार म्हणजे जास्त सुरक्षित. गेले काही दिवस कोमट राहिला ना डबा, आता भरपाई.

मी ओरडलो असतो, पण मला तोंड नाही. होतं ते पुटीने बंद केलं होतं. मी माझं काम केलं. प्रामाणिकपणे, रात्रभर, नव्या दमाने. कामसूपणाचा असा धक्का मला परत कधी बसू नये.

मंगळवारी सकाळी सासूबाईंनी डबा काढला तेव्हा पेनातल्या औषधाचे खडे झाले होते. त्यांनी ती पेनं माठाजवळ ठेवली. खडे वितळले. औषध परत पाण्यासारखं स्वच्छ दिसायला लागलं. दिसतंय तर ठीक आहे. डबा मधल्या फळीवर गेला.

बुधवारी सूनबाईंनी त्यातलं नवं पेन घेतलं.

गुरुवारी संध्याकाळी त्या हसत हसत घरी आल्या. “आज गंमत झाली. गिऱ्हाईकाला म्हटलं, शेवटची ओळ वाचा. त्यांनी घडाघडा वाचली. मी पडताळायला वळले तर मलाच दिसेना! माझाच तक्ता, पाठ असलेला.”

चिरंजीवांनी दार उघडून विचार करता करता विचारलं, “शुगर बघितलीस?”

“बघितली. चढलीय खूप. डोस वाढवला तरी उतरत नाही.”

“चोरून काही गोडधोड खाल्लंस का?” सासूबाईंनी विचारलं. आवाज नेहमीसारखा करडा होता. पण मी एकोणीस वर्षं तो आवाज ऐकतोय. त्यातला अर्धा भाग विचारत होता आणि अर्धा विनवत होता, की हो म्हण, बाई, खाल्लं म्हण.

“आई, मी सातवीपासून चोरून खायचं सोडलंय,” सूनबाई म्हणाल्या. “तुमचं बोट दाखवा.”

शुक्रवारी त्यांना उलट्या झाल्या. कामावरून लवकर येऊन त्या आतल्या खोलीत पडून राहिल्या. सासूबाईंनी पांढऱ्या डब्यातला घडी घातलेला कागद काढला. अक्षर मुंगीएवढं. त्यांनी चष्मा लावला. हा चष्मा सूनबाईंनीच नंबर काढून दिला होता, आणि त्या चष्म्यातून त्यांनी फ्रिजसमोर उभं राहून पुटपुटत वाचलं, “गोठवू नये. गोठलेले औषध वितळल्यानंतरही वापरू नये.”

कागदाची घडी परत होती तशी झाली. त्या औषधाच्या दुकानात जाऊन आल्या असाव्यात, कारण परत आल्यावर स्वतःशीच म्हणत होत्या, “नवी पेनं सोमवारी येतील म्हणाला. मधे दोन तर दिवस. दोन दिवसांनी काय होतंय?”

त्यांनी तेव्हाच सांगितलं असतं तर? पण औषध सांगायचं तर फ्रीझर सांगावा लागला असता, फ्रीझर सांगायचा तर गॅसवाले, गॅसवाले सांगायचे तर भोक, आणि भोक सांगायचं तर स्क्रू-ड्रायव्हर. शेवटी ते बोट, ज्याला बारा दिवस मलम लागत होतं. एवढी मोठी मालगाडी ओढायला सुरुवात कुठून करायची हे माणसाला सुचत नाही. इकडे पुटीच्या कडेने मी झिरपतच होतो.

शनिवारी दुपारी सूनबाई पाणी प्यायला स्वयंपाकघरात आल्या आणि माठापाशी पोहोचायच्या आधीच खुर्चीत कोसळल्या. त्यांचा श्वास मला बाहेरून ऐकू येत होता, खोल आणि भराभर, जिना चढून आल्यासारखा. चिरंजीव धावत आले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विचार न करता फ्रिजचं दार उघडलं आणि पांढऱ्या डब्यातून नवीन पेन काढलं.

“अजून एक डोस देतो. मोठा देतो. मग बघू, उतरेलच.”

“नको,” सासूबाई म्हणाल्या. म्हणजे म्हणायला गेल्या. आवाज आला नाही. आली ती शिट्टी. त्यांना दमा होता आणि तो नेमका त्या क्षणी छातीवर येऊन बसला. चिरंजीव पेनाला सुई लावत होते. सासूबाईंनी हात हलवला, त्यांना वाटलं आई घाबरलीय. “तू बस आई, मी आहे ना.”

मित्रांनो, मी पाहत होतो. तोवर माझ्यातले बरेच जण फरशीवर होते. मी सांगतो, मला इतकं हताश कधी वाटलं नव्हतं. सगळं माहीत असलेले त्या खोलीत दोघंच होते. एकाला तोंड नव्हतं आणि दुसरीला श्वास.

सासूबाईंनी पदराच्या गाठीतून पंप काढला. तोंडाला लावला. दाबला. आणि त्या अंगठ्याएवढ्या डबीतून माझा भाऊ सुटला. तोच, ज्याला मी हिणवलं होतं. औषध पाठीवर घेऊन तो त्यांच्या छातीत उतरला. एकदा. पुन्हा एकदा. शिट्टी बारीक झाली. वाट मोकळी झाली. आणि त्या वाटेने ते शब्द बाहेर आले.

“ते देऊ नकोस. मेलंय ते औषध. मी गोठवलं.”

“काय?”

“बर्फ झाला होता त्याचा. मी फ्रीझरमध्ये ठेवलं. फ्रिजला भोक पडलं होतं म्हणून. भोक मी पाडलं. आता उभा काय राहिलास, गाडी बोलव! दवाखान्यात सांग, चार दिवस तिच्या अंगात औषध नाही, नुसतं पाणी गेलंय!”

चिरंजीवांच्या हातातून पेन पडलं. सूनबाईंनी डोळे अर्धवट उघडले. त्या अशा वेळी काय बोलतील असं तुम्हाला वाटतं? त्या म्हणाल्या, “आई… म्हणजे तो चटका…”

“बर्फाचा होता,” सासूबाई म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

तिघं गेले. फ्रिजचं दार उघडंच राहिलं. आयुष्यभर ज्या नियमावर मी पोसलो तो नियम सताड उघडा होता, आणि उरलेसुरले आम्ही त्या रिकाम्या स्वयंपाकघराला गार करत बसलो. दुसरं काय करणार?

पाचव्या दिवशी सूनबाई घरी आल्या. दवाखान्यात सलाइनमधून खरं इन्सुलिन गेलं आणि त्या सावरल्या. डॉक्टर म्हणाले होते, आणखी एक रात्र तेच औषध टोचत बसला असतात तर काही सांगता आलं नसतं. स्वयंपाकघरात आल्याबरोबर त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लांबूनच पाहिलं आणि अगदी तळाचं, छापखान्याचं नाव वाचून दाखवलं. सूनबाईंनी खुर्ची ओढली, म्हणाल्या, “बोट.” फोड कधीच सुकला होता. तरी मलम लागलं.

मग गॅसवाले आले. एक भरलेला आणि एक रिकामा सिलिंडर खाली ठेवून नेहमीच्या सुरात म्हणाले, “गॅस संपला असेल.”

“संपला नाही, गळतोय,” सासूबाई म्हणाल्या. “हे बघा भोक. इथे, पुटीखाली. मी पाडलंय, स्क्रू-ड्रायव्हरने.”

गॅसवाले खाली बसले. पुटी खरवडून साबणाचं पाणी लावलं, आणि भोकावर एक लहानसा बुडबुडा फुगला. “वीस वर्षं हे काम करतोय, मावशी. स्वतःहून भोक दाखवणाऱ्या तुम्ही पहिल्या,” ते म्हणाले. “तसं मागच्या खेपेला मीही विचारलं नव्हतं.”

त्यांनी नळी कापायचा चिमटा काढला आणि खिडकी उघडली.

“हे काय करताय?”

“उरलेला सोडून देतो. गॅसच तर आहे, वास ना रंग.”

“सोडला की काय होतं?” सूनबाईंनी विचारलं.

गॅसवाल्यांनी चिमटा खाली ठेवला. “होतं तसं बरंच,” ते म्हणाले. “ओझोनला हा काही करत नाही. पण वर जाऊन ऊन धरून ठेवतो, दहा-पंधरा वर्षं. असा शंभर ग्रॅम सोडला म्हणजे मोटार आठ-नऊशे किलोमीटर पळवल्याएवढं जग तापतं.”

मित्रांनो, हा शेवटचा धक्का, आणि तो सगळ्यांत जबर होता. एकोणीस वर्षं मी समजत होतो की मी गार करतो. माझ्यातले जे त्या भोकातून गेले, जे फरशीवर लोळून मग खिडकीतून मजेत बाहेर पडले, ते आता तिथे वर बसून तुम्हाला तापवताहेत. मी गुणी होतो, पण फक्त नळीत.

“मग यात भरून घ्या ना,” सासूबाईंनी रिकाम्या सिलिंडरकडे बोट केलं. तेच बोट.

“वेळ लागतो त्याला मावशी. अर्धा-पाऊण तास.”

“लागू दे. मी बसते इथे. एकदा माझ्या हातून गेलाय, आता नाही जाऊ द्यायची.”

आणि त्या खुर्ची घेऊन पाऊण तास बसल्या. भोकावर परत पुटी बसली, गॅस ओढून घ्यायचं मशीन घरघरत राहिलं, मी एका नळीतून दुसऱ्या नळीत, तिथून सिलिंडरमध्ये उतरलो. माझ्याबरोबर ते तरणेताठेही होते, आता जरा नरम पडलेले. फ्रीझरचा भोक पडलेला पत्रा काढून नवीन बसणार होता, नवीन गॅस येणार होता. मला गाळून, साफ करून दुसऱ्या कुणाच्या तरी फ्रिजमध्ये भरतील, असं गॅसवाले म्हणाले. कोण जाणे, कदाचित तुमच्याच.

म्हणून आधीच सांगून ठेवतो. बर्फाला टोचू नका, त्याला वितळायला वेळ द्या. कोणी ‘गॅस संपला’ म्हणालं तर साबणाचं पाणी मागा. मला खिडकीतून सोडू देऊ नका. आणि एवढं सगळं करूनही हातून भोक पडलंच, तर ते त्याच क्षणी कोणाला तरी हाक मारून सांगा. तेव्हा ते एका बोटाखाली मावतं.